कोऱ्या कागदाखालची सही

ते आत्ता नको, डॉक्टरबाई, बदलीचं नंतर बोलू—मी बघतो म्हणलं ना, बघतो. आधी ह्या गाईचं बघा. सकाळी आठापासून कळा देतीय, पाणमोट फुटून दीड तास झाला अन् एकच पाय बाहेर. एकच. दुसऱ्याचा पत्ता नाय. मी स्वतःच हात घालून बघणार होतो—पूर्वी घालायचो की, बापानं शिकवलेलं, नखं कापायची, गोडंतेल लावायचं अन् डोळे मिटून चाचपायचं—पण आता बोटांत जोर राहिला नाय, अन् आमची म्हातारी ओरडली, म्हणाली, डॉक्टरबाईंना फोन करा, त्या येतील. मी म्हणलं, कोणत्या तोंडानं करू?... म्हणजे तसं नाय, तसं नाय म्हणायचं मला. सोमवारी तुम्हाला इथला चार्ज सोडायचा, सामान बांधायचं असंल, वडलांचं बघायचं असंल, त्यात आणखी त्रास कशाला, असं म्हणायचं होतं. पण आलात. एका फोनला आलात. मी तर फोन ठेवून फाटकात येऊन उभा राहिलो अन् तुमची स्कूटी दिसल्यावर मला—बरं, ते जाऊ द्या. शेपूट धरू का? हं, अशी? अशी धरतो. चांदे, थांब गं, बाई आपल्याच हायत. लाथ नाय मारायची ती. सात वेतं झाली, आजवर कोणाला पाय लावला नाय तिनं.

डांगी जातीची हाय ना, स्वभावच गरीब. त्या तिकडं संतोषच्या शेडात साठ हायत, काळ्या-पांढऱ्या, विलायती, पंख्याखाली उभ्या, रबराच्या चटईवर. पोरानं वाढवलंय सगळं, हुशार हाय माझा पोरगा, पण मी तिकडं जात नाय. माझ्या ह्या चार. आपल्या घाटावरच्या पावसात चार महिने उभी राहिली तरी हिच्या अंगावरनं पाणी ओघळून जातंय, कातडंच तेलकट दिलंय देवानं. लोक हसतात, म्हणतात, मल्हारी तात्या आमदार झाला तरी शेण काढतोय. काढतो की! मुंबईला आमदार निवासात पहाटे चारला डोळा उघडतो अन् काढायला काय नाय. अंघोळ करून खिडकीशी बसायचं. एकदा तो बाजूच्या खोलीतला आमदार, शहरातला, मला विचारतो, तात्या, गाय एका वेळेला किती देते? मी म्हणालो, तुमच्याइतकं भाषण देत नाय, पण जे देती ते पिता येतं. हसला बिचारा. वाईट नाय तो. तिथं तसं वाईट कोणीच नाय, डॉक्टरबाई, तेच तर कळत नाय मला—

काय? मान? मान मागं वळलीय—अरे देवा. पोटाकडं? अन् दुसरा पाय आत दुमडलेला? मग आता? परत आत ढकलायचं? हां, हां, जागा करायची अन् मग पाय अन् तोंड सरळ करायचं, ठाऊक हाय, बाप तसंच करायचा. लय वेळ लागतो. लागू द्या. घाई नाय. म्हातारी पाणी तापवतीय, साबण तिथं दगडावर हाय. कळ आली की थांबा, नायतर हात चेंगरंल तुमचा. चांदे, चांदे, हो, हो... बोलत राहू का मी? मी बोललो की ती शांत राहती. धार काढताना पण बोलायचो हिच्याशी. तुम्ही इथं कशा आलात, ते हिला माझ्याआधी ठाऊक.

खरंच सांगतो. आपल्या दवाखान्याला चार वर्षं कुलूप होतं. जनावर आजारी पडलं की लोक टेम्पोत घालून नेत, वाटेतच जायचं. निवडून आलो—मी काय निवडून आलो, त्या दोघा मोठ्या पुढाऱ्यांचं भांडण लागलं, एकमेकाचा माणूस चालंना, मग म्हणाले, तात्याला उभा करा, तात्याचं कोणाशी वाकडं नाय, तात्याचा वळू घोटीच्या प्रदर्शनात पहिला आलाय, सगळे ओळखतात—तर निवडून आलो अन् पहिल्याच अधिवेशनात उभा राहिलो. तीन वर्षांत तेवढा एकदाच. ज्ञानेशनं प्रश्न लिहून दिला. ज्ञानेश म्हणजे माझा भाचा, तुम्ही बघितलंय त्याला, नाशिकचं, गंगापूर रोडचं हापिस तोच बघतो, फोन तोच उचलतो, सगळं तोच. त्यानं तो प्रश्न मला आठ दिवस ऐकवला अन् मी धार काढता काढता पाठ केला. 'अध्यक्ष महोदय, माझ्या तालुक्यात हजारो जनावरे असून एकही पशुवैद्यकीय अधिकारी कार्यरत नाही, हे खरे आहे काय?' पशुवैद्यकीयला जीभ अडकायची. ही मान वळवून बघायची माझ्याकडं, ह्याला झालंय तरी काय. तिथं सभागृहात सगळे कागद हातात धरतात, मीही धरला.  म्हणालो ते एका दमात म्हणालो, अन् मंत्री उठून म्हणाले, होय, हे खरे आहे. अन् दोन महिन्यांत तुम्ही आलात. मी म्हणलं, पोरगी पाठवली की काय! अन् त्याच आठवड्यात तुम्ही भागीबाईची म्हैस वाचवली, चिखलात गुडघ्यावर बसून. माझ्या आमदारकीत काय झालं असं कोणी विचारलं, तर दाखवायला, डॉक्टरबाई, तुम्हीच एक हायत. बाकी सभामंडप अन् गटारी. त्या कोणीही केल्या असत्या.

लागलं का बोटाला? नाक लागलं? वा. जितं हाय? बोट चोखतंय?—म्हातारे, ऐकलंस का गं, जितं हाय!

म्हणून सांगतो, मी गेलो होतो हो तुमच्यासाठी. नुसतं बघतो-बघतो म्हणत बसलो नाय. मागच्या मंगळवारी गेलो, एकटाच, ज्ञानेशला न सांगता, इगतपुरीहून गाडी धरून. मंत्रालयात पास काढायला एक तास गेला, पोलीस म्हणतो, आजोबा, रांगेत या, मी आलो रांगेत. मंत्रीसाहेब चांगला माणूस. तात्या या, म्हणाले, चहा मागवला. मी म्हणालो, साहेब, आमच्या डॉक्टरबाईंची बदली झालीय पार गडचिरोलीला. तिकडं जनावरं नायत असं नाय, तिकडंही डॉक्टर पाहिजेच, पण ह्यांचे वडील अर्धांगाचे, मनमाडहून इकडं आणलेत, दर आठवड्याला नाशिकला न्यावं लागतं त्यांना, कुठं नेईल ती पोरगी त्यांना तिकडं—एवढं सगळं बोललो, न अडखळता बोललो. तर साहेबांनी फाइल मागवली. उघडली. अन् एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला—

कुठला कागद? कागद म्हणजे... फाइलीतला. असतात की फाइलीत कागद. ओढायचं का आता? दोर लावलात दोन्ही पायांना? मान आली? तुम्ही आधी—

पत्र होतं.

माझ्याकडं नका बघू, डॉक्टरबाई, आत बघा, हात आत हाय तुमचा. माझं पत्र होतं. वर तीन सिंह, खाली माझी सही. माझीच. मी ओळखतो माझी सही, तेवढं एकच तर ओळखतो. म्हणजे—बरं, ऐका, सांगतो. रविवारी सकाळी मी त्या ओट्यावर बसून सह्या करतो. कोऱ्या पॅडवर. पन्नास, कधी शंभर. एकेक अक्षर काढावं लागतं मला, शेणी थापल्यासारखं, म्हणून वेळ लागतो, गुरं सोडायच्या आधी दोन तास जातात. का करतो? लोकांसाठी. कोण पोराच्या ॲडमिशनला आलेला असतो, कोणाच्या म्हातारीचं ऑपरेशन असतं, कुठं विजेची डीपी जळालेली असती. मी इथं गुरांत, ज्ञानेश नाशिकला. आमदार नव्हते म्हणून माणूस तसाच परत जायला नको. गेल्या गेल्या पत्र हातात मिळालं पाहिजे. ज्ञानेश वर टाइप करतो, खाली माझी सही तयार. मला लय बरं वाटायचं त्याचं. म्हातारी म्हणायची, तुमची सही तुमच्याआधी सगळीकडं जाऊन पोचती, अन् तुम्हाला ठाऊकच नसतं कुठं गेली. मी म्हणायचो, तुला काय कळतंय राज्यकारभारातलं.

मंत्रीसाहेबांनी वाचून दाखवलं. 'सदर अधिकारी शेतकऱ्यांशी उद्धटपणे वागतात, दवाखान्यात हजर नसतात, जनतेत तीव्र नाराजी आहे, तरी त्यांची जिल्ह्याबाहेर तात्काळ बदली करण्यात यावी.' उद्धटपणे. तुम्ही.  साहेब हसले, म्हणाले, तात्या, तुम्हीच म्हणता घालवा, तुम्हीच म्हणता थांबवा, मी करू तरी काय? वाचलं नव्हतं का सही करताना?

कळ आली—कळ आली, ओढा! मी ओढतो, द्या इकडं एक दोर. खाली, खालच्या अंगाला, हो, हो... थांब. गेली कळ. थांबू. दम घ्या तुम्ही पण.

...वाचलं नव्हतं. कसं वाचणार? तुम्हाला मी दोनदा सांगितलंय ना, चष्मा नाशिकला राहिला म्हणून? त्या लसीच्या कागदाला एकदा, अन् एकदा तुम्ही मला मोबाइलवर काहीतरी दाखवत होतात तेव्हा. चष्मा मला नायच, पोरी. मला त्या डोंगरावरली शेळी दिसती. अक्षर कळत नाय. शाळेत गेलोच नाय मी, गुरांमागं गेलो. सही सरपंचकीच्या वेळेला शिकलो. निवडणुकीच्या फारमात लिहिलंय चौथी पास. ज्ञानेश म्हणाला, मामा, चौथी टाकू का? कोण विचारतंय? मी म्हणलं, टाक. कोणाला ठाऊक नाय हे. फक्त संतोषला, ज्ञानेशला अन् म्हातारीला. अन् आता तुला... तुम्हाला. बोलू नका कुठं. नाय बोलणार तुम्ही, मला ठाऊक हाय.

ज्ञानेशनं का लिहिलं? ते... त्याचं काय तुमच्याशी वैर नाय. संतोषची ती गाय मेली ना, होळीच्या आधी. तुम्हीच आला होतात चिरफाडीला. तिच्या कानात विम्याचा बिल्ला नव्हता, विमा दुसरीचा होता, अन् पोरांनी त्या दुसरीच्या कानातला बिल्ला काढून मेलेलीच्या कानाला लावला. तुम्ही म्हणालात, हे भोक ताजं हाय, मी असं लिहून देणार नाय. बरोबर केलंत. मी मनात म्हणलं, बरोबर केलंत. त्या दिवशी जेवताना संतोष तावातावानं बोलत होता, आपल्या तालुक्यात राहून आपल्यालाच नडती, तात्या, हिला हलवू का इथनं? मी भाकरी मोडत होतो. मी म्हणालो, बघा तुमच्या मनानं. एवढंच. जा म्हणालो नाय, करा म्हणालो नाय. बघा म्हणालो. पण आमच्या घरात तात्या 'बघा' म्हणाला की काय समजायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. मी भाकरी मोडत राहिलो. पोरगा रागावला की माझं तोंड उघडत नाय, डॉक्टरबाई. आधी तो मला भ्यायचा, कोणत्या वर्षी उलटं झालं ते ध्यानातच आलं नाय.

आता? आली का? ओढा—ओढा, ओढा, नाक दिसलं, जीभ बाहेर हाय, निळी झालीय, ओढा पोरी, चांदे दे जोर, दे, दे—आलं! आलं, आलं... धरा, मागचे पाय धरा, उलटं धरू. हलंना. हलत नाय. नाकातलं काढा, मी तोंडातलं काढतो. काडी घाला नाकात, गवताची—शिंक, शिंक रे लेकरा—

शिंकली. शिंकली बघा! कालवड हाय. म्हातारे, कालवड! गोणपाट आण! आईसारखीच काबरी, कपाळावर बघा ना तिच्या, तसाच चांद. चाट गं चांदे, चाट. लय सोसलंस. बसा तुम्ही, डॉक्टरबाई, बसा त्या पेंढीवर. पाणी घ्या. मी नाभीला औषध लावतो, तुम्ही सांगा फक्त कोणती बाटली. ही? ही पिवळी. हं.

पुढं काय झालं? कुठं पुढं? मंत्रालयात... ते कशाला आता. झालं ना चांगलं, कालवड झाली.

बरं. साहेब म्हणाले, तात्या, चुकून गेलं असंल पत्र, होतं असं. इथंच दोन ओळी लिहून द्या, आधीचं पत्र रद्द समजावं म्हणून, मी आत्ता तुमच्यासमोर बदलीला स्थगिती देतो. असं म्हणाले अन् कोरा कागद सरकवला. पेन दिला. टोपण काढून दिला हो. शेजारी दोन आमदार बसलेले, एक मोठा अधिकारी उभा, सगळे माझ्या हाताकडं बघतायत. सही करा म्हणाले असते तर केली असती. ते म्हणाले, लिहा. मी पेन धरून बसलो. चष्मा विसरला म्हणायचं होतं. तर तो अधिकारी म्हणाला असता, मी लिहितो, तुम्ही सांगा. मग सांगता आलं असतं की! हे मला गाडीत सुचलं. कसाऱ्याच्या पुढं आल्यावर सुचलं. तिथं नाय सुचलं. तिथं मला वाटलं, सगळ्यांना कळलं, सगळे वाचतायत मला. अन् मी पेन खाली ठेवला अन् म्हणालो... म्हणालो, राहू द्या साहेब. पत्र बरोबर हाय.

असं म्हणालो मी. तुमच्यासाठी गेलो अन् असं म्हणून आलो. चहा पण संपवला.

रडू नका. नाय, तुम्ही नायच रडत, मलाच वाटलं.  शिव्या द्या. बापाएवढा नसतो तर दिल्या असत्या तुम्ही.

काय काढताय पिशवीतनं? औषध लिहिताय? चांदीला द्यायचं का? ह्या कागदावर दवाखान्याचा शिक्का दिसत नाय, साधाच हाय. वाचा ना, मोठ्यानं वाचा. 'माझ्या नावाने गेलेले पत्र माझ्या माहितीशिवाय लिहिले गेले आहे. त्यातील मजकूर खरा नाही. ते रद्द समजून बदली थांबवावी, ही विनंती.' ...तीनच ओळी. चांगलं लिहिलंत. साधं. मला कळलं सगळं. एवढंच लिहायचं होतं होय? उद्या शनिवार, मंत्री नाशिकला येणार हायत, विश्रामगृहावर हातात देता येईल. हो, देता येईल. सोमवारच्या आधी.

द्या पेन. खाली इथं ना? बसून करतो, उभ्यानं जमत नाय. ...'माहितीशिवाय' म्हणजे मग ज्ञानेशनं केलं, असंच होतं ना ते? त्याला बोलावतील. तो काय म्हणंल? तो म्हणंल, मामांनीच दिलेत सह्या करून, अजून साठ कागद कपाटात हायत, बघा. मग विचारतील, आमदार वाचत का नायत. मग फारम काढतील. चौथी कुठल्या शाळेत केली? अन् ज्ञानेश गेला तर... तो डोळे हायत हो माझे. सोमवारी माझ्यापुढं जो कागद येईल, तो मला कोण सांगंल काय हाय? तुम्ही सांगाल? सांगाल, सांगाल, तुम्ही सांगणाऱ्यातल्या हायत. पण तुम्ही काय घरात राहणार माझ्या? घरात संतोष हाय.

हे वाचलंत तेच हाय ना ह्यात? राग नका मानू. विश्वास हाय, तुमच्यावर नाय तर कोणावर ठेवणार? तसं नाय. कोऱ्या कागदांवर कधी हात थांबला नाय माझा. हा भरलेला हाय ना, म्हणून... बघा की, 'म' सुद्धा निघंना.

असं करू. ठेवा माझ्यापाशी. खिशात ठेवतो, भिजणार नाय. संध्याकाळी ज्ञानेश येणारच हाय पॅड न्यायला, त्याच्याकडनं एकदा वाचून घेतो अन् मग लगेच सही करून... हो. हो, डॉक्टरबाई. मी काय बोललो ते मलाही ऐकू आलं.

पेन घ्या तुमचा. चांदीची वार पडायला वेळ लागंल, मी बसतो इथं, चीक पाजतो कालवडीला, ते जमतं मला. चहा ठेवलाय म्हातारीनं—नको? बरं, नको. वडलांची जेवायची वेळ झाली असंल तुमच्या. जा तुम्ही. फाटक तेवढं ओढून घ्या जाताना.